रिटायर व्हायच्या आधी रजेचं खातं एकदा तपासून घ्या

राज्य शासनाच्या नोकरीत असाल आणि रिटायरमेंट वर्षभरावर आली असेल तर पेन्शनच्या कागदांसोबत रजेचं खातं पण आत्ताच तपासा, शिल्लक रजेचे पैसे मिळतात. आधी सर्व्हिस बुक (तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक) बघायला मिळावं म्हणून ऑफिसच्या आस्थापना शाखेला लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही, आणि रजेच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. मग एका फुलस्केपवर स्वतः हिशोब मांडायला बसा.

रुजू तारखेपासून सुरू करा. पहिल्या सहामाहीत अर्जित रजा (नोकरी करू तशी साठत जाणारी पगारी रजा) पूर्ण महिन्याला अडीच दिवस, म्हणजे १७ ऑगस्टला रुजू झालात तर सप्टेंबर ते डिसेंबरचे १०, ऑगस्ट गेला. पुढे दर १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ जमा, घेतलेली वजा करत या. किरकोळ रजा या खात्यात येतच नाही, ती शोधत बसू नका.

विनावेतन रजेचे मंजुरी आदेश मात्र हुडकून ठेवाच. तिच्या दिवसांचा दहावा हिस्सा पुढच्या सहामाहीच्या जमेतून कापतात, जास्तीत जास्त १५. मी वडिलांच्या आजारपणात ६० दिवस विनावेतन होतो, तर १५ मधून ६ जाऊन ९ जमा व्हायला हवे होते, ते झालेही, पण त्याच्या पुढच्या सहामाहीतही १५ ऐवजी कुणीतरी निळ्या शाईने परत ९ च लिहिलेले आणि खाली साहेबांची सही पण होती, झेरॉक्स दाखवल्यावर टेबलवाले म्हणाले अहो इतक्या वर्षांनी कुठे!

आजारपणात सर्टिफिकेट देऊन परिवर्तित रजा (अर्ध्या पगाराची रजा पूर्ण पगारी करून) घेतली असेल तर ती अर्धवेतनी खात्यातून दुपटीने जाते, अर्जितमधून नाही, हा घोळ पण बघून घ्या.

आणि १ जूनवाले (शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली जन्मतारीख, आपल्याकडे निम्मं ऑफिस तेच), तुम्ही ३१ मेला सुटणार म्हणून शेवटच्या सहामाहीचे पाचच महिने अडीचने धरा, पूर्ण पंधरा धरू नका.

पैसे शिल्लक अर्जित रजेचे मिळतात, कमाल ३०० दिवस, मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले ३० गुणिले दिवस. दोन्ही मिळून ९०,००० असतील तर एका दिवसाचे ३,०००, माझ्या त्या चुकून गेलेल्या ६ दिवसांचे किती ते तुम्हीच काढा. शिक्षकांनी मात्र हे गणित लावू नका, सुट्ट्यांमुळे त्यांचा हिशोब वेगळा असतो.