जळालेल्या घराची जमीन थराथराने उतरवताना

पुरातत्त्वशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्याच मोसमात जळालेले प्रागैतिहासिक घर आले, तर बरोबरीचे त्याला नशीबवान म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण आगीत भाजलेली माती टिकते, धान्य कोळशाच्या रूपाने उरते आणि मडकी जागच्या जागी सापडण्याची शक्यता वाढते. परंतु त्याच आगीने जमिनीचे थर ओळखणे अवघड करून ठेवलेले असते, आणि याची पुरेशी कल्पना वर्गातल्या आकृत्यांवरून येत नाही. या कामात उतरू पाहणाऱ्यांसाठी मी मुख्यतः याच अडचणीविषयी लिहीत आहे.

उदाहरण तुर्कस्तानातील कोन्याच्या मैदानातल्या चातालह्योयुकचे घेतो. जेम्स मेलार्ट यांनी १९६१ ते १९६५ या काळात आणि इयन हॉडर यांच्या चमूने १९९३ पासून पुढे पंचवीस मोसम या नवाश्मयुगीन टेकाडावर काम केले. इ.स.पू. ७१०० ते ५९५० च्या सुमारास येथील लोक कच्च्या विटांच्या, एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांत राहत आणि छपरातून शिडीने खाली उतरत. शिडी आणि चूल बहुधा दक्षिणेला असे, तर उत्तरेकडचे ओटे पांढऱ्या मातीच्या गिलाव्याने वारंवार लिंपलेले असत. चुलीकडची जमीन राखेने काळवंडलेली आणि ओट्यांकडची स्वच्छ, हा फरक इतका ठळक असतो की एकाच घरात खणण्याच्या दोन वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात.

अशा जमिनीला ‘थर’ म्हणणे सोयीचे असले तरी ती बनते अनेक गोष्टींची. खाली भरणीची माती, तिच्यावर चोपलेला अस्तर, त्यावर काही मिलिमीटर जाडीचा गिलावा, आणि त्यावर माणसांच्या वावराने साचलेली, कधी केसाइतकी बारीक, धूळ. आपल्याकडे शेणाने सारवलेल्या घरात जिथे भुई उखडते तिथेच आधी डागडुजी होते. तसेच येथेही घडलेले असते, म्हणून एका कोपऱ्यात मोजलेले लेप दुसऱ्या कोपऱ्यातल्या लेपांशी जुळतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक लेप कुठे सुरू होतो आणि कुठे विरतो हे नकाशावर काढल्याशिवाय पुढचा लेप उचलू नये.

आता आगीकडे येऊ. मातीतील लोहाची संयुगे हवा मिळाली की तापून लाल होतात आणि हवा न मिळाल्यास काळी-करडी राहतात. उष्णता वरून खाली झिरपते, त्यामुळे जमिनीचा छेद घेतल्यावर वर लाल, मध्ये काळा आणि खाली मूळ रंगाचा असे पट्टे दिसतात. नवख्या माणसाला ते तीन थर वाटतात आणि तो तीन क्रमांक देऊन मोकळा होतो, पण प्रत्यक्षात तो एकच लेप असू शकतो, किंवा उलट, एकाच लाल पट्ट्यात पाच-सहा लेप भाजून एकजीव झालेले असू शकतात. रंगाची सीमा ही उष्णतेची सीमा आहे. लेपांची सीमा शोधायची असेल तर पोत पाहावा: मातीत मिसळलेल्या गवताच्या पोकळ्या, कणांचा आकार, लेपाचा गुळगुळीत पृष्ठभाग, आणि ट्रॉवेलच्या, म्हणजे खणायच्या छोट्या थापीच्या, टोकाखाली पापुद्रा आपोआप सुटतो का ते. सकाळचा तिरपा उजेड आणि पाण्याचा हलका फवारा या दोन साधनांनी मला महागड्या उपकरणांपेक्षा अधिक मदत केली आहे. कोरड्या भाजक्या जमिनीवर ब्रश मात्र जपून फिरवावा, कारण त्याने लाल भुकटी सर्वत्र पसरते आणि नसलेला पृष्ठभाग दिसू लागतो.

डोळ्याने निर्णय होत नसेल तिथे मातीचा अखंड ठोकळा कापून घ्यावा, त्यावर वरची बाजू आणि उत्तर दिशा लिहावी, तो घट्ट गुंडाळून सूक्ष्मरचनेच्या तपासणीसाठी पाठवावा. प्रयोगशाळेत तो राळेने घट्ट करून सुमारे ३० मायक्रॉन जाडीचा काप काढतात, आणि घमेल्यात जी केवळ ‘लाल माती’ असते तिच्यात लेप, काजळी व पायदळी पडलेली धूळ वेगवेगळी दिसू लागते.

जमिनीवर सापडलेल्या वस्तूंबाबतही घाई करू नये. मडके आग लागली तेव्हा तिथे उभे असेल, तर त्याच्या बुडाखालची जमीन सहसा भोवतालापेक्षा कमी भाजलेली आढळते; छपरावरून पडलेले असेल, तर त्याखाली बहुधा पडझडीचे ढेकळे किंवा राख असते. म्हणून वस्तू उचलल्यावर लगेच तिच्या खालचा भाग पाहून नोंद करावी.

आगीचा परिणाम जमिनीखालीही पोचतो, हे सर्वांत फसवे प्रकरण आहे. चातालह्योयुकला ओट्यांखाली मृतांना पुरत, आणि जळालेल्या घरात वरची उष्णता त्या दफनापर्यंत गेलेली दिसते. २०१३ मध्ये अशाच एका दफनातून विणलेले कापड मिळाले, ते उष्णतेने करपल्यामुळेच टिकले होते. आधी ते जवसाच्या धाग्याचे मानले गेले, पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील कापड ओकच्या सालीच्या तंतूंचे असल्याचे दिसून आले. अशा दफनात करपलेली हाडे पाहून लगेच दहनाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. खड्डा कोणत्या लेपातून खणला आणि कोणत्या लेपाने झाकला, हे आधी ठरवावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलेल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांतही मृत मुलांना कुंभांत ठेवून जमिनीखाली पुरलेले होते, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न जवळचाच मानावा.

आग अपघाती की मुद्दाम लावलेली, याविषयीचे मत मोसमाच्या पहिल्या आठवड्यात कोणी विचारले तर देऊ नये. सर्बियातील ओपोवो येथे रूथ ट्रिंगहॅम आणि मिर्याना स्तेवानोविच यांनी तिथल्या नवाश्मयुगीन व्हिन्चा संस्कृतीच्या कुडाच्या घरांवरून हेतुपुरस्सर जाळण्याची बाजू मांडली. तिला आधार आहे, कारण मातीचे घर सहजासहजी भडकत नाही आणि ते विटेसारखे भाजायला पुष्कळ सरपण लागते. परंतु ही चर्चा त्यांच्याकडे घरभर मोजलेली उष्णता आणि नोंदलेले ढिगारे असल्यामुळे करता आली. तुमच्या खड्ड्यात त्यासाठी जागोजागचे भाजलेले नमुने लागतील, आणि चुंबकीय तपासणीचे, म्हणजे भाजताना मातीत उमटलेली चुंबकीय दिशा पाहण्याचे, नमुने तर उचलण्यापूर्वीच दिशा आखून घ्यावे लागतील.