व्यवस्थापन शिकताना स्वतःचंच व्यवस्थापन बिघडतं तेव्हा: या चुका टाळा

पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात मी एक वेळापत्रक केलं होतं. चार रंगांचं. पहाटे साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंतचा प्रत्येक अर्धा तास कशाला तरी वाहिलेला. रोज रात्री नऊला 'वैयक्तिक विकास' असा एक जांभळा चौकोनही होता. त्या चौकोनात बसून नेमकं करायचं काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी पावणेआठला उठले आणि वेळापत्रक तिथेच संपलं. मग मी नवं केलं. पाच रंगांचं.

आता व्यवस्थापनाच्या पदवीचं तिसरं वर्ष चालू आहे. वर्गात नियोजन आणि नियंत्रण शिकायचं आणि बाहेर पडल्यावर बरोब्बर त्याच्या उलट वागायचं, हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. खालच्या सगळ्या चुका मी केलेल्या आहेत, काही दोनदा. नव्याने येणाऱ्यांना निदान वेगळ्या चुका करता याव्यात म्हणून लिहिते आहे.

आराखडा केला म्हणजे काम झालं, असं वाटणं

ही सगळ्या चुकांची आई. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचे तक्ते 1910 च्या दशकात गाजले. आपण असाइनमेंटमध्ये त्यांच्या आडव्या पट्ट्या रंगवतो, कोणतं काम कधी सुरू आणि कधी संपणार ते दाखवतो आणि थांबतो. पण त्या तक्त्यांची खरी गंमत अशी होती की काम किती व्हायचं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं, हे दोन्ही एकाच कागदावर दिसायचं. माझ्या चाररंगी वेळापत्रकात 'झालं किती' याला जागाच नव्हती.

आंरी फायोल या फ्रेंच अभियंत्याने 1916 मध्ये व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. मी पहिल्या कामाचीच पारायणं करत राहिले. नियंत्रण म्हटलं की हातात छडी घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द स्वतःला लावावासा वाटत नाही. अर्थ मात्र साधा आहे. ठरलेलं आणि घडलेलं शेजारी ठेवायचं, फरक बघायचा आणि तो कमी कसा करायचा ते ठरवायचं. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरने 1954 मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची, म्हणजे आधी उद्दिष्टं ठरवून त्यांवर काम जोखण्याची, कल्पना मांडली तेव्हा त्याच दमात 'आत्मनियंत्रण' हा शब्दही जोडला होता. परीक्षेत आपण पहिला अर्धा भाग लिहून येतो.

दुरुस्ती: वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात या आठवड्यात काय करायचं ते, पाच ओळींच्या आत. दुसऱ्यात रविवारी प्रत्यक्ष काय झालं ते. तिसरा कारणाचा, आणि तिथे 'आळस' लिहायला मनाई. आळस हे कारण नाही, ती शिवी आहे. स्वतःला शिवी देऊन पुढच्या आठवड्यात बदलण्यासारखं काही हाती लागत नाही. 'अकाउंट्सची गणितं जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळेत ठेवली होती' असं लिहिलं तर गणितं सकाळी सरकवता येतात.

'दोन दिवसांत होईल'

नाही होणार. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या सवयीला नियोजनातली गफलत म्हणून नाव दिलं. 1994 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं की तुमचं काम किती दिवसांत संपेल. सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. लागले 55 च्या वर. 'सगळंच उलटंपालटं झालं तर किती लागतील?' असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर 49 दिवसांच्या आसपास होतं. म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबसुद्धा वास्तवापेक्षा आशावादी निघाला. आणि ही मंडळी मानसशास्त्राची होती, हे विशेष.

कारण असं की अंदाज बांधताना आपण समोरच्या कामाकडे बघतो. आधी माहिती गोळा करू, मग लिहू, मग स्लाइड्स. या चित्रात लॅपटॉप बंद पडत नाही, सोबतचा मुलगा आजारी पडत नाही. गेल्या वेळी काय झालं होतं, हे आपण आठवत नाही. आठवलंच तर 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणून सोडून देतो.

यावरचा माझा उपाय अगदी बाळबोध आहे. मागच्या तीन असाइनमेंटना ठरवलेले तास आणि लागलेले तास लिहून काढले. लागलेल्या तासांना ठरवलेल्या तासांनी भागलं, माझा गुणक 1.7 निघाला. आता मनात जो आकडा येतो त्याला मुकाट्याने 1.7 ने गुणते. तुमचा वेगळा असेल. माझ्या एका मैत्रिणीचा 3 च्या जवळ आहे आणि तिला ते मान्य नाही. एवढं मात्र सांभाळा: वाढवलेला वेळ मोकळा सोडला तर काम फुगून तोही खाऊन टाकतं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1955 मध्ये हे थट्टेत लिहिलं होतं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री त्यात थट्टा उरत नाही. म्हणून पहिला कच्चा मसुदा मूळ अंदाजाच्या तारखेलाच तयार हवा. जादा वेळ फक्त डागडुजीचा.

तास मोजणं

दुसऱ्या सेमिस्टरला मी फोनमध्ये अभ्यासाचा टायमर लावायला लागले. रोज सहा तासांचं लक्ष्य. महिनाभर आकडा झकास येत होता. चाचणीचे गुण आले तेव्हा वाटलं, तपासण्यात काहीतरी घोळ झालाय.

घोळ माझ्याकडेच होता. टायमर चालू असताना मी वाचलेलंच पुन्हा वाचत बसायचे, ओळी पिवळ्या करायचे, नोट्स सुंदर अक्षरात उतरवून काढायचे. तास भरत होते, डोकं नव्हतं भरत. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या 1975 मधल्या निरीक्षणावरून पुढे एक नियमच रूढ झाला: मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आम्ही हे विक्रेत्यांच्या उदाहरणावर शिकलो होतो. फक्त फोन-कॉल मोजले तर माणूस कॉल वाढवतो, विक्री नाही. वर्गात मी हसले होते.

पुन्हा वाचण्याबद्दल एक प्रयोग मला फार आवडतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 56 टक्के भाग उरला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. खरी गोम त्या पाच मिनिटांत आहे. पुस्तक मिटलं त्या क्षणी 'आलं की मला!' वाटतं, ते खोटं नसतं. पण परीक्षा त्या क्षणी नसते.

आता मी तास लिहीत नाही. कोऱ्या कागदावर पुस्तक न उघडता किती मुद्दे उतरवता आले, ते लिहिते. हा आकडा बघायला अजिबात छान वाटत नाही. पहिल्या दिवशी अकरापैकी तीन आले होते.

व्याख्या पाठ, वागणूक कोरी

फायोलची चौदा तत्त्वं मी आद्याक्षरांचं गाणं करून पाठ केली होती. आदेशाची एकवाक्यता, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून सूचना मिळाव्यात, हे त्यातलं चौथं. त्याच महिन्यात आमच्या प्रोजेक्टमध्ये तिघंजण एकाच मुलाला तीन वेगळ्या सूचना देत होते आणि त्या तिघांत मी होते. तो बिचारा सगळ्यांना 'हो' म्हणायचा आणि काहीच करायचा नाही. मी त्याला बेजबाबदार ठरवून मोकळी झाले.

फायोल स्वतः खाणकामाचा अभियंता होता. अनेक वर्षं कंपनी चालवून झाल्यावर पंचाहत्तरीच्या घरात त्याने हे सगळं मांडलं, आणि तत्त्वं लवचीक आहेत, त्यांची संख्या ठरलेली नाही, असंही सांगितलं. त्याने आधी केलं, मग लिहिलं. आपण आधी पाठ करतो आणि करायचं राहूनच जातं. म्हणून हल्ली प्रत्येक संकल्पनेखाली मी गेल्या महिन्यातला स्वतःचा एक प्रसंग लिहिते. सापडला नाही तर संकल्पना कळलेली नाही असं धरते.

'सगळे मिळून करू या'

हे वाक्य ऐकलं की मी आता सावध होते. 1979 मध्ये बिब लाताने हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना जमेल तितक्या जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. गटात प्रत्येकाचा आवाज कमी झाला. आपल्यासोबत इतर ओरडत आहेत असं नुसतं वाटलं, तरीही कमी झाला. म्हणजे ग्रुपमधला जो मुलगा पाट्या टाकतो तो जन्मजात कामचुकार असेलच असं नाही. कोणाचं काम किती हे दिसतच नसेल तर आपण सगळेच थोडं आवाज न काढता ओरडतो.

उपाय तुम्हाला माहीत आहे: प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव, एकच तारीख. 'संशोधन: सगळे' ही ओळ खोडून टाका.

याची उलटी चूक मात्र जास्त फसवी असते, कारण ती गुणासारखी दिसते. सगळं काम स्वतः ओढायचं आणि त्याला नेतृत्व म्हणायचं. मी एकदा रात्रभर जागून पाच जणांच्या स्लाइड्स एकटीने केल्या. सादरीकरणात सरांनी चौथ्या स्लाइडवर प्रश्न विचारला, तो ज्याच्या वाट्याची ती होती त्याला. त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्या वर्गाने माझ्याकडे बघितलं. त्या मुलाला तोंडघशी मीच पाडलं होतं, आणि वर माझी अपेक्षा होती की त्याने आभार मानावेत.

चुकीचा प्रश्न विचारून अभिप्राय मागणं

'कसं झालं माझं प्रेझेंटेशन?' या प्रश्नाला एकच उत्तर असतं: छान. मित्रांना तुमचं मन राखायचं असतं, आणि तुम्हालाही खरं तर तेच ऐकायचं असतं. मी आता विचारते, 'तुझं लक्ष नेमकं कुठे उडालं?' यात लक्ष उडालं हे गृहीतच धरलेलं असतं, त्यामुळे समोरच्याला खरं सांगायला संकोच वाटत नाही. मला तिघांनी वेगवेगळं एकच सांगितलं: आकडे आले की मी भिंतीशी बोलायला लागते. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

एवढं करूनही गाडी अडली तर

पहिला रकाना भरतो, दुसरा दर आठवड्याला रिकामाच राहतो: ओळी पाच असतील तर दोन करा. तरीही रिकामा? मग ती कामं तुमची नाहीत, कोणाला तरी दाखवण्यासाठी लिहिलेली आहेत. माझ्या यादीत चार महिने 'नेटवर्किंग' हा शब्द होता. त्याच्या जागी 'अमुक सिनियरला इंटर्नशिपबद्दल दोन प्रश्न विचारणे' लिहिलं आणि ते एका दुपारी झालं.

तिसऱ्या रकान्यात सलग तीन आठवडे तेच कारण येतंय: आता आराखडा बदलायचा, स्वतःला नाही. साडेपाचला उठण्याचा माझा नाद असाच सुटला.

चार-पाच आठवडे वहीच उघडली नाही: मागची पानं आठवून भरत बसू नका, त्यात अर्धं खोटंच लिहिलं जातं. आडवी रेघ मारा, आजची तारीख टाका आणि पुढे चला. माझ्या वहीत अशा सात रेघा आहेत, त्यातल्या सहा परीक्षेच्या आधीच्या.