जुन्या फोर-बाय-फोरला दुसरं इंजिन बसवताय? या चुका टाळा

"कुठलं इंजिन बसवू?" हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि पैसा तिथेच अडकतो. इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचलून आणायचं, मग गिअरबॉक्सपासून क्राउन-पिनियनपर्यंत (डिफरन्शिअलमधल्या गिअरच्या जोडीपर्यंत) सगळं त्याला जुळवत बसायचं, हा आधी कळस मग पाया असा कारभार झाला. आधी टायर ठरवा, मग अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा आणि 'लो' गिअर देणारा डबा), गिअरबॉक्स. इंजिन सगळ्यात शेवटी.

जुनं इंजिन न तपासताच काढणं

गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. चिकटलेले ब्रेक, हललेलं टायमिंग, चोंदलेला कार्बोरेटर यांनीही गाडी मरगळते. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, गेज लावून तपासा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. विलीज सीजे-2ए या जुन्या जीपचं 2.2 लिटरचं इंजिन नवं असतानाही 60 हॉर्सपॉवरचंच होतं. तिने हायवेवर सुसाट पळावं ही अपेक्षाच मुळात गैर.

रेशोचा हिशोब न मांडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि टाळायला लागतो फक्त कागद-पेन्सिल.

हीच सीजे-2ए घ्या. टायरचा व्यास 0.74 मीटर धरला तर ताशी 80 किमी वेगाला चाक मिनिटाला साधारण 574 फेरे घेतं. डिफरन्शिअलचा रेशो 5.38 आणि टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन जवळपास 3,100 आरपीएमवर. आता गव्हर्नर (आरपीएमवर मर्यादा घालणारा भाग) 3,000 लाच अडवतो असं डिझेल इथे बसवलं, तर गाडी 80 सुद्धा गाठणार नाही. ताकद वाढली, वेग घटला!

मग लोक डिफरन्शिअल बदलतात. 4.09 टाकलं की त्याच वेगाला आरपीएम 2,350 वर येतं. पण रांगण्याचा रेशो, म्हणजे पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो गुणिले डिफरन्शिअल, तोही पडतो. मूळचा 2.80 × 2.46 × 5.38 म्हणजे 37 होता, तो 28 वर येतो. दगडांतून चढताना क्लच जळणार. 4.09 ठेवून पहिला गिअर 6.32 असलेला टी-18 गिअरबॉक्स लावला तर तो 63 च्या वर जातो. मात्र हा गिअरबॉक्स लांबीला जास्त, आणि या जीपचा व्हीलबेस जेमतेम 80 इंच. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड होतो, कोन वाढतो, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट) टिकत नाहीत. माझ्या मते इतक्या आखूड गाडीला 5.38 तसंच ठेवून ट्रान्सफर केसच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पळताना आरपीएम उतरवणारा जादा गिअर, लावणं जास्त शहाणपणाचं. आरपीएम सुमारे 25 टक्क्यांनी उतरतं आणि लो शाबूत राहतो.

डिफरन्शिअल बदललंच, तर पुढचं-मागचं दोन्ही बदला. रेशो वेगळे ठेवून घट्ट जमिनीवर फोर-व्हील टाकलं की काहीतरी तुटणारच.

फक्त हॉर्सपॉवर बघणं

मूळ इंजिनाचा टॉर्क 140 न्यूटन-मीटरच्या आसपास. त्या जागी लँड रोव्हरचं 200टीडीआय, म्हणजे 250 च्या वरचं डिझेल आलं, तर लो-फर्स्टमध्ये तोच रेशो वाढीव टॉर्कला गुणतो. हाफ शाफ्टवर (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) किती भार येणार हे शेवटी टायरची पकड ठरवते. टायर घसरला तर शाफ्ट वाचतो. मोठा, चिकट टायर दगडात अडकला की शाफ्टचे दोन तुकडे. ब्रेकचंही तेच. वजन आणि वेग वाढवून जुनेच ड्रम ठेवणं हा जिवाशी खेळ. व्हॅक्यूम बूस्टर लावणार असाल तर लक्षात ठेवा, डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

जागा टेप लावून न मोजणं

इंजिन बॉनेटखाली मावलं म्हणजे बसलं असं नाही. पाटे पूर्ण दाबले गेल्यावर पुढचा अ‍ॅक्सल ऑइल चेंबरला लागतो का ते बघा. चेंबर कापून उथळ केलं तर तीव्र चढावर ऑइल पंपाचा पिकअप (ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट यांचं भांडण तर ठरलेलंच.

ट्रान्सफर केस दुसऱ्या गाडीचा घेताना तो कुठल्या बाजूला उतरतो ते तपासा. विलीजच्या डाना 18 ट्रान्सफर केसचे दोन्ही शाफ्ट उजवीकडून निघतात. जीप चेरोकी एक्सजेच्या एनपी231 चा पुढचा डावीकडून. म्हणजे अ‍ॅक्सलही बदलायची पाळी.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन घेत असाल तर वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), किल्ली, पेडल, सेन्सर असं सगळं एकाच गाडीचं घ्या. सुटं गोळा करायला गेलात तर इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) घाम फोडेल. जुन्या गाडीत 6 व्होल्ट आहे की 12 की 24, हेही आधी बघा. इंजिन बदलाचा नोंदणीचा नियम काय सांगतो, तो खरेदीआधी वाचलेला बरा.

अ‍ॅडॉप्टर नुसता बोल्टने आवळणं

अ‍ॅडॉप्टर म्हणजे वेगळं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट. ती लावल्यावर बेलहाउसिंगचं (क्लचभोवतीच्या कवचाचं) भोक क्रँकच्या मध्याशी जुळतंय का, हे फ्लायव्हीलला डायल गेज लावून मोजा. क्रँक एक फेरा फिरवा. काटा एकूण किती हलला ते बघा. गिअरबॉक्सनुसार 0.13 ते 0.25 मिलिमीटरपर्यंत चालतं. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिना टाकून सरळ करा. "एवढ्याने काय होतंय" म्हणत हे सोडलं की पुढे पायलट बेअरिंग ओरडतं, गिअर सुटतो, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी.

गाडी बाहेर काढल्यावर

हळू चालताना तापते पण पळताना थंड राहते? फॅन आणि श्राउड (फॅनभोवतीचं कडं) बघा. उलट असेल, तर रेडिएटर अपुरा आहे किंवा पाणी नीट फिरत नाही. थरथर वेगाबरोबर वाढते का आरपीएमबरोबर, हे गाडी न्यूट्रलला घरंगळू देऊन ठरवा. न्यूट्रलमध्ये त्याच वेगाला राहिली तर प्रॉपेलर शाफ्टखाली शिरा: दोन्ही टोकांचे कोन सारखे आहेत का आणि योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का, ते तपासा. गेली तर क्लच, फ्लायव्हील आणि इंजिन माउंटिंगकडे वळा.