वाडीत समाजमंदिर बांधायचंय? आधी जागा, पैसा आणि किल्ली

कोकणातल्या पुष्कळ वाड्यांत समाजमंदिर मुंबईकरांच्या वर्गणीतून उभं राहतं. ते उघडतं गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात एखादं लग्न असेल तेव्हा. एरवी कुलूप. बंद इमारत इथल्या पावसात टिकत नाही. वाशांना वाळवी लागते, भिंतींवर शेवाळ चढतं, एक फुटकं कौल कुणाच्या लक्षात येईपर्यंत आढ्याचं लाकूड कुजलेलं असतं. म्हणून पहिला चिरा बसण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत: वर्षभर वापरणार कोण, किल्ली कुणाकडे, आणि दरवर्षीचा खर्च कुठून येणार.

आधी वापर, मग इमारत

निदान सहा महिने जागा नसताना काम सुरू करा. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, कुणाचा तरी मांगर, काहीही चालेल. बचत गटाची मासिक बैठक, दहावीच्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका, भजनाचा किंवा नमन-जाखडीचा सराव, आशाताईंचं लसीकरण हे सगळं एका वहीत लिहा: तारीख, कार्यक्रम, किती माणसं. महिन्यातले दहा-बारा दिवस भरत नसतील तर नवीन बांधकाम करू नका. पटसंख्येअभावी बंद पडलेली जिल्हा परिषदेची शाळा जवळ असेल तर ग्रामसभेचा ठराव करून पंचायत समितीमार्फत तिची मागणी करा आणि किती वर्षांसाठी मिळतेय ते लेखी घ्या. तोंडी परवानगीवर छप्पर दुरुस्त करायला पैसे घालू नयेत.

ही वही पुढे निधी मागतानाही उपयोगी पडते. नुसतं ‘समाजमंदिर पाहिजे’ म्हणणाऱ्यापेक्षा सहा महिन्यांच्या नोंदी पुढे ठेवणाऱ्याची बाजू भक्कम असते.

जागा: इथेच सर्वांत जास्त कामं अडतात

जमीन देणारा माणूस मनाने मोठा असतो, पण सातबारा बहुधा सामाईक असतो. आजोबांच्या नावापुढे वीस-पंचवीस वारस, त्यातले निम्मे मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. एका सहहिस्सेदाराची सही राहिली तरी सगळं काम अडू शकतं. त्यामुळे ‘काका देतो म्हणाले’ यावर पाया खणू नका. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बोजा किंवा वहिवाट आहे का पाहा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा घालून घ्या. देवस्थान इनाम किंवा भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे कूळकायद्याचं कलम ६३. त्यामुळे शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावे शेतजमीन थेट चढत नाही. गावठाणातली किंवा बिनशेती झालेली जागा मिळाली तर निम्मा त्रास वाचतो. लहान तुकडा तोडून घेणार असाल तर तुकडेबंदीबद्दल (फार लहान तुकड्याच्या व्यवहारावरच्या बंदीबद्दल) तलाठ्यांना आधीच विचारा.

दान घ्यायचं ते नोंदणीकृत बक्षीसपत्राने. दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, एवढं नसेल तर स्थावराचं बक्षीस कायद्याने होतच नाही. शंभर रुपयांच्या स्टँपवरचं संमतीपत्र पुढच्या पिढीच्या भांडणात टिकत नाही.

समुद्राकाठच्या गावांनी सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांत येते, खाडीकाठी वेगळी मर्यादा आहे, आणि तिथे ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी एकटी पुरत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं: जागा कुठल्या एका भावकीच्या अंगणाला किंवा मानाच्या जागेला लागून असेल तर बाकीच्या वाड्या तिथे पाय ठेवत नाहीत. रस्त्यालगतची, सगळ्यांना सारखी वाटणारी जागा थोडी लहान असली तरी तीच घ्या. नुसती पाखाडी (पायऱ्यांची वाट) असलेल्या जागेवर ट्रक जात नाही, मग प्रत्येक चिरा डोक्यावरून न्यावा लागतो आणि मजुरी फुगते.

इमारत कुणाच्या नावावर?

सरकारी निधी हवा असेल तर जागा बहुधा ग्रामपंचायतीच्या किंवा शासनाच्या नावे लागते. मग वापर, भाडं आणि किल्ली यांचे नियम ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, कारण पाच वर्षांनी सरपंच बदलतो. स्वतःच्या पैशांवर बांधणार असाल तर संस्था काढा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे राहून जातं, आणि वीस वर्षांनी धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी हयात नसलेल्यांचीच नावं निघतात.

गावचं मंडळ आणि मुंबईचं मंडळ यांची सत्ता कागदावर वाटून घ्या. मुंबईकर पैसे आणतात, पण पावसात गळती बघायला गावातलाच माणूस जातो. नऊ जणांच्या समितीत गावातले पाच, मुंबईचे चार, आणि एकूण किमान तीन बाया, हे प्रमाण बरं. बायांना फक्त ‘सदस्य’ म्हणून बसवू नका. दिवसा इमारत त्याच जास्त वापरणार, म्हणून खजिन्याची एक सही त्यांच्यातल्या एकीची असावी.

पैसा

सरकारी वाटेने जायचं तर क्रम असा: ग्रामसभेचा ठराव आणि गाव विकास आराखड्यात नोंद, शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मग काम, मोजमाप पुस्तिका आणि देयक. निधी आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून, ग्रामविकास विभागाच्या ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५) या लेखाशीर्षातून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून मिळू शकतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी वस्ती विकासाची वेगळी योजना आहे. तो पैसा त्याच वस्तीत लागला पाहिजे, दुसऱ्या वाडीकडे वळवू देऊ नका.

आदेश हातात येण्याआधी कुदळ मारू नका. झालेल्या कामाचे पैसे सरकार देत नाही. दुसरा घोळ वेळेचा: मान्यता मार्चअखेरच्या घाईत येतात, ठेकेदार मे महिन्यात उगवतो आणि छपराचं काम मिरगात सापडतं. आदेश एप्रिलनंतर आला तर तेवढा पायाच करून घ्या आणि बाकी काम गणपतीनंतर धरा. सरकारी आणि लोकवर्गणीच्या पैशांची कामंही वेगळी ठेवा. सभागृह निधीतून, पडवी, स्वच्छतागृह, खुर्च्या वर्गणीतून. एकाच बाबीवर दोन बिलं लागली की लेखापरीक्षणात अडकलात.

वर्गणी ठरवायची वेळ गौरी-गणपती आणि शिमगा, कारण तेव्हाच सगळे घरी असतात. घरटी रक्कम सर्वांना झेपेल इतकी कमी ठेवा, ज्याची ऐपत आहे त्याने वर देणगी द्यावी. विधवा बाईच्या घराची वर्गणी थकली म्हणून फळ्यावर नाव लावणं हा अन्याय आहे, तो करू नका. छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक, संस्थेच्या नावे बँक खातं, तिघांतल्या दोघांच्या सह्या. गोळा झालेली रोकड खात्यात भरल्याशिवाय खर्चायची नाही.

आयकर सवलत (जिला आपण ८०जी म्हणत आलो) हवी असेल तर संस्थेच्या घटनेत ‘अमुक समाजासाठी’ असं लिहू नका. एका जातीच्या किंवा धर्माच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ती सहसा मिळत नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही वजावट नाही. आखातातला गाववाला भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर हरकत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, तो आपल्याच वाडीत जन्मलेला असला तरी त्याची देणगी परदेशी ठरते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) परवानगीशिवाय घेता येत नाही.

बांधकाम

४० बाय २५ फुटांचं सभागृह, म्हणजे १,००० चौरस फूट. जमिनीवर शंभर-सव्वाशे माणसं बसतात. भिंत ११ फूट उंच धरली तर घेर १३० फूट, म्हणून १,४३० चौरस फूट. दारं-खिडक्यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला की साधारण १,१५० उरतात. चिऱ्याचं तोंड १४ बाय ७ इंच असेल तर सांध्यासकट एक चिरा पाऊण चौरस फूट भरतो, म्हणजे १,५३० च्या आसपास. फूटतूट धरून १,७०० मागवा. पण आपल्या खाणीचा चिरा आधी मोजा, आकार गावोगाव बदलतो. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, म्हणून खाणीतून थेट भिंतीत नको.

जोतं किमान दोन फूट उंच. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचे पट्टे द्या. वादळ आणि भूकंप, दोन्हींसाठी ते लागतात. कोयना इथून लांब नाही. डिसेंबरअखेर जोतं, फेब्रुवारीअखेर भिंती, एप्रिलअखेर छप्पर असा बेत ठेवा. तौक्ते चक्रीवादळ १६-१७ मे २०२१ ला आलं, निसर्ग ३ जून २०२० ला, त्यामुळे ‘पाऊस जूनला’ हा हिशेब आता पुरत नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून बांधा. वारा पडवीखाली शिरून छप्पर उचलतो, जोडलेलं असेल तर मुख्य छप्परही त्यासोबत जातं. समुद्राजवळ साधे लोखंडी खिळे-बोल्ट खाऱ्या हवेत गंजतात. पत्रा घालणार असाल तर गंज न धरणारे बोल्ट घ्या.

या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ७५० लिटर पाणी गोळा होतं. १०,००० लिटरची टाकी जुलैत दोन-तीन दिवसांच्या जोरदार पावसात भरते. ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस ती पुरवायची तर रोज ४० लिटरच मिळतात. म्हणजे संडासापुरतं पाणी. लग्नाचं जेवण त्यावर होत नाही, त्यासाठी विहीर किंवा नळजोडणी पाहा. सेप्टिक टाकी विहिरीपासून ५० फूट तरी दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, म्हणून जास्त अंतर मिळालं तर उत्तम.

चालवणं

वर्षाचा नमुना हिशेब पाहा. झाडलोट १८,०००, वीज ९,६००, शाकारणी (कौलं परतणं) १२,०००, रंग-डागडुजी १०,०००, लेखापरीक्षण व किरकोळ ८,०००, शिल्लक १०,०००. एकूण ६७,६००. जमेला ४५ घरं, दरमहा ५० रुपये म्हणजे २७,०००. बारा कार्यांचं भाडं १,५०० प्रमाणे १८,०००. बचत गटाचं भाडं ३,६००. उरलेले १९,००० साधारण तीन लाखांच्या ठेवीच्या व्याजातून येतील. म्हणून वर्गणी गोळा करतानाच ही ठेव बांधकामाच्या खर्चाबाहेर ठेवा. ‘आधी स्लॅब होऊ दे’ म्हणून ती मोडली की शाकारणीला पुन्हा मुंबईला फोन करावे लागतात.

भाडं गावाला एक दर, बाहेरच्याला दुप्पट, आणि अनामत वेगळी. मयताच्या तेराव्याला, शिबिराला आणि वादळात आसरा घ्यायला भाडं नाही. हे नियम फळ्यावर रंगवून दाराशी लावा.

किल्ल्या दोन. एक सगळ्यात जवळच्या घरी, दुसरी बचत गटाकडे. दोन्ही घरांची नावं फळ्यावर असू द्यात. ज्याला पाहिजे त्याने वहीत नाव, वेळ आणि परत दिल्याची वेळ लिहायची. मुंबईत कुणाच्या कपाटात तिसरी किल्ली ठेवू नका. शाकारणी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारण मे महिन्यात कौलं परतणारे कामगार मिळत नाहीत.