विंडोज ११ : जाहिराती आणि सक्तीचं खातं, या चुका टाळा

नवा लॅपटॉप सुरू करताना घाईघाईने 'नेक्स्ट' दाबत गेलं की विंडोज ११ आपल्याला मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याला जोडून मोकळं होतं. सी ड्राइव्हमधलं 'यूजर्स' उघडून पाहा. ईमेल अनुराधा नावाने असेल, तर तिथलं फोल्डर 'अनुरा' झालेलं दिसेल, कारण ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरंच उचलली जातात. नंतर ते नाव बदलणं फार किचकट.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'वर्क ऑर स्कूल', मग 'साइन-इन ऑप्शन्स', मग 'डोमेन जॉइन इन्स्टेड' निवडा, लोकल खातं, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं, ऑनलाइन न जोडलेलं खातं तयार होतं. होम आवृत्तीत ही सोय नाही. ऑनलाइन खातं टाळण्यासाठी यूट्यूबच्या जुन्या व्हिडिओंत सांगितलेल्या कमांडवरही विसंबू नका. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्त्यांमधून त्या काढायला घेतल्या. होमवाल्यांनी आधी लॉगइन करावं आणि नंतर सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'युअर इन्फो' इथून लोकल खात्यावर यावं.

पण थांबा, सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. ऑनलाइन खात्याने लॉगइन केल्यावर बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडणारा ४८ अंकी आकडा, 'रिकव्हरी की', त्या खात्यात जाऊन बसतो. पुढे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर निळ्या स्क्रीनवर तीच 'रिकव्हरी की' मागितली जाते. तोवर खात्याचा पासवर्ड विसरला असेल, तर फोटो, हिशेब, सगळं गेलं. म्हणून खातं बदलण्याआधी ही 'रिकव्हरी की' कागदावर लिहून कपाटात ठेवा. एवढं एक काम तरी टाळू नका, ही कळकळीची विनंती.

वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन साठवण्याची सेवा. तिचा बॅकअप बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तिथून त्या परत आणा आणि मगच वनड्राइव्ह काढा.

लोकल खातं झाल्यावरही मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये लॉगइन करताना 'हे खातं सगळीकडे वापरा' असा प्रश्न येतो. मोठं बटण दाबलं की आपण पुन्हा ऑनलाइन खात्यावर. खाली बारीक अक्षरांत 'मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली' लिहिलेलं असतं, ते निवडा.

जाहिराती घालवणं त्या मानाने सोपं आहे. सेटिंग्जमधल्या 'पर्सनलायझेशन', 'स्टार्ट'मध्ये रेकमेंडेशन्सचं बटण बंद करा. 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स'च्या अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' आहे, बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. तिथल्या टिप्स आणि सूचनांच्या खुणा काढा, म्हणजे 'सेटअप पूर्ण करा' हा पूर्ण स्क्रीनभर येणारा तगादाही थांबतो. यासाठी कुठल्याही अनोळखी साइटवरची स्क्रिप्ट (आपोआप बदल करणारी कमांडची फाइल) ॲडमिन म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकार देऊन, चालवू नका. अशा स्क्रिप्टमुळे अपडेटच बंद पडले, तर लॅपटॉप ताळ्यावर आणायला मग अख्खी विंडोज नव्याने टाकावी लागते.