जॉयस्टिकमधला कमोडोर ६४: डीटीव्ही आजच्या टीव्हीवर कसा चालवावा

सी-६४ डीटीव्ही (‘डायरेक्ट टू टीव्ही’, म्हणजे थेट टीव्हीला जोडायचा) हातात घेतला की खेळणंच वाटतं: जॉयस्टिक, फायरची बटणं, मागून निघालेली केबल, खाली सेलचा कप्पा. पण आतल्या एकाच चिपमध्ये कमोडोर ६४ हा आख्खा संगणक बसवलेला आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या त्या यंत्राचा ६५१० प्रोसेसर, चित्र काढणारी व्हिक-२, आवाजाची सिड, सगळं जेरी एल्सवर्थ या स्वयंशिक्षित अभियंतीने नव्याने रचलं. २००४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या क्यूव्हीसी या टीव्हीवरून विक्री करणाऱ्या वाहिनीने पहिला २,५०,००० नगांचा साठा पूर्ण उचलला आणि पहिल्याच दिवशी त्यातले ७०,००० विकले. म्हणून आजही तो जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतो. परदेशातून कुणाच्या सामानातून आलेला, माळ्यावर पडलेला असा एखादा नग हाती लागला आणि तो ‘बंद’ दिसला, तर लगेच टाकून देऊ नका. अडचण बऱ्याचदा चिपमध्ये नसते. ती असते सेलच्या कप्प्यात किंवा टीव्हीच्या मेन्यूत.

आधी आवृत्ती ओळखा

अमेरिकेतला नग एनटीएससी या टीव्ही-संकेताच्या पद्धतीचा, म्हणजे ५२५ रेषा आणि ६० हर्ट्झ. युरोपातला त्यानंतरचा नग पाल पद्धतीचा, ६२५ रेषा आणि ५० हर्ट्झ. खोक्यावर किंवा तळाच्या लेबलवर हे पाहून घ्या. दोन्हींत ३० खेळ आहेत. फरक मेमरीत आहे: पहिल्या अमेरिकी आवृत्तीत १२८ केबी रॅम, तर पाल आवृत्तीत २ एमबी. नुसते खेळ खेळायचे असतील तर हा फरक जाणवत नाही. पुढे बोर्डात बदल करायचा मनसुबा असेल तर पाल नग जास्त कामाचा, पण त्याच्या रंगांत एक खोट आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

विकत घेण्याआधी चव घ्यायची असेल तर व्हाइस हा जुन्या यंत्रांची नक्कल करणारा मोफत प्रोग्रॅम (एम्युलेटर) संगणकावर टाका. त्यात डीटीव्हीसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे.

सेलचा कप्पा

चार पेन्सिल सेल लागतात. ते एकामागोमाग जोडलेले असल्याने एका स्प्रिंगवर गंज असला तरी सगळंच बंद. आत पांढरी पापडी दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. ती पापडी क्षारधर्मी असते. कान साफ करायच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, बारीक फेस येईल. मग दुसरी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तो आंबटपणा काढा आणि पूर्ण वाळू द्या. रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त कार्बन-झिंक सेल गळले असतील तर गळती आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगर चालत नाही, खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. हातमोजे घालाच. पत्रा हिरवा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा.

नवे सेल घातल्यावर मल्टिमीटरने कप्प्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण ६ व्होल्ट यायला हवेत. चार्ज होणारे सेल घातले तर ४.८ च्या आसपास येतील, त्यावरही काम चालतं. सेल उतरत आले की चित्र हलतं किंवा खेळ मध्येच पहिल्यापासून सुरू होतो. त्याला बिघाड समजून डबा उघडू नका.

टीव्हीला जोडताना

डीटीव्हीच्या केबलला दोन पिना आहेत. पिवळी चित्राची, दुसरी आवाजाची. आवाज मोनो आहे, त्यामुळे तो एकाच स्पीकरमधून येणार. दोन्हींतून हवा असेल तर एकाचे दोन करणारा वाय-जोड मिळतो.

जुन्या टीव्हीला पिवळं सॉकेट सरळ दिसतं. नव्या एलईडी टीव्हीत तीन प्रकार भेटतात, आणि तिन्हींत फसगत होते.

पहिला प्रकार: पिवळं आणि हिरवं मिळून एकच सॉकेट. इथे टीव्हीच्या सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडायचं. ‘कंपोनंट’ निवडलं तर चित्र येतं, पण कृष्णधवल, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

दुसरा: हेडफोनसारखं ३.५ मिमीचं एव्ही सॉकेट. त्याला चार पट्ट्यांची पिन असलेली जोडकेबल लागते. कोणत्या पट्टीवर चित्र, कोणत्यावर आवाज आणि कोणती ग्राउंड, हा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेली जुनी केबल तिथे बसते, पण चालेल असं नाही. चित्राऐवजी काळोख आणि स्पीकरमधून घरघर आली तर क्रम चुकलाय असं धरा. टीव्हीबरोबर आलेली केबल असेल तर तीच वापरा.

तिसरा: टीव्हीला फक्त एचडीएमआय. मग ‘एव्ही ते एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्यावा लागतो. उलट दिशेचा, ‘एचडीएमआय ते एव्ही’, अगदी तसाच दिसतो, तेव्हा घेताना नाव नीट वाचा. पिवळं सॉकेट ‘इन’ असायला हवं. त्याला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यायला विसरू नका.

चित्र आलं पण रंग नाहीत किंवा ते वर सरकत राहतं, तर मेन्यूत ‘कलर सिस्टिम’ शोधा. ‘ऑटो’वर काम झालं नाही तर हाताने एनटीएससी किंवा पाल लावा. एनटीएससीचा रंगवाहक, म्हणजे रंगाची माहिती वाहून नेणारा संकेत, ३.५८ मेगाहर्ट्झवर आणि पालचा ४.४३ वर असतो. टीव्ही चुकीच्या जागी शोधत असेल तर त्याला रंग सापडत नाही. शंका आली की त्याच सॉकेटला आणि त्याच केबलने घरातला डीव्हीडी प्लेअर जोडून पाहा. दोष कुणाकडे, ते मिनिटात कळतं.

आता चित्राचा आकार ४:३ करा, नाहीतर सगळं आडवं ताणलं जाईल. ‘गेम मोड’ चालू करा, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा. याला फक्त शोभेचं काम समजू नका. नवा टीव्ही प्रत्येक चौकट हातात धरून प्रक्रिया करतो आणि तेवढ्याने बटण आणि उडी यांच्यात अंतर पडतं. यातल्या ‘इम्पॉसिबल मिशन’ या खेळात यंत्रमानवावरून उडी मारताना हे अंतर जीव घेतं. शिवाय कमोडोर एकाआड एक रेषा पाठवत नाही, तर दर वेळी तेवढ्याच रेषांचं पूर्ण चित्र पाठवतो. काही टीव्ही ते इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांचं, समजून दोन चित्रं एकात मिसळतात, आणि लुकलुकणाऱ्या गोळ्या अर्धवट दिसतात किंवा गायबच होतात. जुना काचेचा टीव्ही जवळ असेल तर ‘युरिडियम’ आणि ‘पॅराड्रॉइड’ तिथेच खेळा, त्या पडद्यासाठीच ते केलेले आहेत.

आवाज थोडा बोडका वाटला तर तोही बिघाड नाही. मूळ सिड चिपमधले फिल्टर डीटीव्हीत घेतलेले नाहीत.

दांडी एका दिशेला ऐकत नसेल तर

सेल काढा, तळाचे स्क्रू स्टार स्क्रूड्रायव्हरने सोडवा आणि झाकण हळू उचला. सेलच्या कप्प्यापासून बोर्डापर्यंतच्या वायरी बारीक असतात, झटक्यात तुटतात. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. धातूचे संपर्क असतील तर अल्कोहोलच्या काडीने पुसा. काळ्या कार्बनचा थर किंवा काळं रबर असेल तर फक्त हलक्या हाताने, पॉलिश पेपर अजिबात नको. तो थर एकदा गेला की परत येत नाही.

पाल नगाचे फिके रंग

सुरुवातीच्या पाल नगांत चित्राचा संकेत बनवणाऱ्या रोधकांच्या (रेझिस्टरच्या) जागा अदलाबदल झाल्या. रंगासाठी ४ बिट, उजेडासाठी ४ बिट, आणि प्रत्येकाला त्या बिटांचं व्होल्टेज बनवणारी आर-२आर शिडी: एका किमतीचे आणि तिच्या दुप्पट किमतीचे रोधक ठरलेल्या जागी. जागा बदलल्या की १६ पायऱ्या समान उंचीच्या राहत नाहीत, म्हणून रंग मळकट. टीव्हीचा ‘कलर’ वाढवून हे सुटत नाही. उपाय एकच, रोधक काढून योग्य जागी लावणं. ते पृष्ठभागावर चिकटवलेले, तांदळाच्या कणीएवढे असतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि भिंग नसेल तर हे काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

की-बोर्ड लावायचा असेल तर

एल्सवर्थने या बोर्डावर पीएस/२ (जुन्या संगणकांचा गोल पिनेचा) की-बोर्ड आणि कमोडोरची फ्लॉपी ड्राइव्ह जोडण्याच्या जागा राखून ठेवल्या, आणि कमोडोरची मूळ बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषाही आत आहे. खेळण्याच्या पोटात हे ठेवून देणं ही मोठ्या मनाची गोष्ट आहे, तिचा फायदा घ्यायलाच हवा.

आधी वीज. की-बोर्डला ५ व्होल्ट हवेत, म्हणून सेलऐवजी नियंत्रित ५ व्होल्टचा अडॅप्टर सेलच्या टोकांना जोडा. तो लावल्यावर कप्प्यात सेल ठेवू नका. ‘६ व्होल्ट’ लिहिलेला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर टाळा. भार नसताना तो ९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि चिप कायमची जाते.

मग पीएस/२ ची एक्स्टेंशन केबल घ्या आणि सॉकेटची बाजू ठेवून दुसरी कापा. आतल्या वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटरने शोधा: पिन १ डेटा, ३ ग्राउंड, ४ वीज, ५ क्लॉक; २ आणि ६ रिकाम्या. समोरून पाहिलेलं सॉकेट आणि मागच्या बाजूने पाहिलेलं सॉकेट एकमेकांचं आरशातलं रूप असतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्या आवृत्तीच्या बोर्डाचा नकाशा समोर ठेवून चार वायरी सोल्डर करा. वीज देण्याआधी ३ आणि ४ एकमेकांना चिकटलेल्या नाहीत ना, ते तपासा. पीएस/२ चालू यंत्राला लावू-काढू नये. यूएसबी की-बोर्डला साधा जोड लावून काम होईलच असं नाही, त्या की-बोर्डला स्वतःला पीएस/२ ची भाषा यावी लागते.

ड्राइव्हच्या सहा पिनांच्या गोल सॉकेटचा क्रम असा: २ ग्राउंड, ३ एटीएन, ४ क्लॉक, ५ डेटा, ६ रिसेट. अमेरिकेतून आलेली कमोडोरची १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह १२० व्होल्टची असते, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती थेट लावली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. फ्लॉपी ड्राइव्हऐवजी लावायचं, एसडी कार्डवर चालणारं एसडी-टू-आयईसी यंत्र हा सोपा आणि स्वस्त मार्ग आहे, त्याला त्याच अडॅप्टरचे ५ व्होल्ट पुरतात.

ड्राइव्ह जोडून बेसिकची ‘रेडी’ पाटी दिसली की ‘लोड’ हा शब्द, अवतरणचिन्हांत डॉलरचं चिन्ह, स्वल्पविराम, ८ असं टाइप करा आणि मग ‘लिस्ट’ म्हणा. फायलींची यादी येईल. डॉलरच्या जागी तारांकन आणि शेवटी आणखी एक स्वल्पविराम आणि १ दिलात तर पहिला प्रोग्रॅम चढेल. अवतरणचिन्ह नेहमीच्या कळेवर सापडलं नाही तर शिफ्ट आणि २ दाबून पाहा, मूळ कमोडोरवर ते तिथेच होतं.