पिशव्या भरायचं टेबल मिरगाआधी करून ठेवा

जूनमध्ये आंब्याच्या कोया रुजल्या की आमच्याकडे कोयकलमांची, म्हणजे रुजलेल्या कोयीवर चांगल्या आंब्याची काडी बांधायची घाई सुरू होते. पिशव्या भरायच्या, काडीला पाचर द्यायची, पट्टी गुंडाळायची. हे सगळं उकिडवं बसून केलं की कंबर धरलीच म्हणून समजा. त्यासाठी परसात उभ्यानं काम करायचं टेबल हवं, आणि ते एप्रिल-मेमध्येच करावं. तेव्हा लाकूड खडखडीत सुकलेलं असतं.

नवं लाकूड घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कोकणात कौलं उतरवून पत्रे घालणं चालूच असतं. तिथले जुने वासे, फळ्या स्वस्तात मिळतात. ऐन किंवा किंजळ या झाडांचं कठीण लाकूड मिळालं तर सोडू नका. इतकी वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड आता पीळ धरत नाही. फक्त घेताना वाशाच्या दोन्ही टोकांना पटाशी टोचून बघा. सहज आत गेली तर तो वासा तिथंच ठेवा. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण कीड आणि पाणी दोन्ही त्यांना लवकर खातात. करवत लावण्याआधी जुने खिळे एकूण एक उपटून काढा.

आता उंची. सरळ उभं राहून कोपर दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. माझं कोपर 38 इंचांवर येतं, म्हणून टेबल 34 इंच. जेवणाचं टेबल साधारण 30 इंचांचं असतं. त्यावर उभ्यानं पिशव्या भरून बघा, फरक पाठीलाच कळेल. घरात दोघं काम करणारी असतील तर उंच माणसाचं माप धरा. बुटक्या माणसाला पायाखाली फळी घेता येते.

वरची फळी एक इंच जाडीची, म्हणून 3 बाय 2 च्या वाशाचे 33 इंची चार पाय कापा. 3 बाय 1 च्या पट्ट्यांपैकी पाच 20 इंची आणि चार 45 इंची लागतील. आधी दोन-दोन पाय 20 इंची पट्ट्यांनी जोडा. एक पट्टी अगदी वर, दुसरी जमिनीपासून आठ इंचांवर. मग दोन्ही बाजू उभ्या करून लांब पट्ट्या पुढून-मागून बाहेरून लावा. उरलेली आखूड पट्टी वर मधोमध आडवी. स्क्रू आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच काटकोन बरोबर आहे. मागच्या बाजूला आणखी एक तिरकी पट्टी मारली की टेबल डुगडुगत नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, दोन इंची. खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो. ऐन फार कठीण असतो, आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा.

वर चार इंच रुंदीच्या सहा फळ्या, 48 इंच लांबीच्या. दोन फळ्यांत दोन सूत, म्हणजे पाव इंच फट ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. फटीतून माती गळणारच. खालच्या पट्ट्यांवर दोन फळ्या टाकून घमेलं ठेवा, माती त्यात जमते आणि पुन्हा वापरता येते. मागे आणि दोन्ही बाजूंना पाच इंच उंच फळी लावली की मिश्रण कालवताना सांडत नाही. पुढची बाजू मोकळीच ठेवा.

वाळवी पायांतूनच चढते. कापलेल्या तळांना काजूच्या टरफलांचं तेल चांगलं मुरवा, पण हातमोजे घालूनच, कारण ते कातडी भाजतं. हात लागतो त्या वरच्या फळ्यांना ते लावू नका. तिथं जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

टेबल मातीवर किंवा जांभ्याच्या चिऱ्यावर थेट ठेवू नका. जांभा पाणी धरून ठेवतो. प्रत्येक पायाखाली लादीचा तुकडा सरकवा, आणि पाऊस सरल्यावर एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या.